मगदूम सरांचा कारभारी

श्रीपाल मगदूम यांच्या तोंडून कुणी कधी ‘नाही’ ऐकलं नव्हतं. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले, पण मार्क वाढवून मागणारा विद्यार्थी असो, वर्गणी मागणारं मंडळ असो की जामीन राहा म्हणणारा मेव्हणा असो, सर हसून एकच उत्तर द्यायचे, “बघू की.” समोरचा काय ते समजून जायचा आणि दोघंही चहा पिऊन गोडीगुलाबीनं उठायचे. सांगलीला यात काही नवल वाटत नाही. तिथं तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस एक तर प्यालेला असतो, नाहीतर पुण्याहून आलेला असतो.

सर राहायचे ती पंचरत्न कॉलनी शहराच्या उंचवट्यावर होती. कृष्णेला पूर आला की खालच्या पेठा पाण्यात जात आणि कॉलनी कोरडी राही. पण पाणी वीज उपकेंद्रात शिरायच्या बेतात आलं की सगळ्या शहराची वीज बंद केली जाई, आणि मग ह्या कोरड्या कॉलनीतही आठवडा आठवडा अंधार. पूर्वी असा पूर कधीतरी यायचा. आता तो सणावारासारखा नेमानं येऊ लागला होता.

म्हणून सौरलेपाची बातमी आली तेव्हा कॉलनीच्या सभेला सभागृहाबाहेर चपला ठेवायला जागा उरली नाही.

सौरलेप म्हणजे भिंतीला रंग द्यावा तसा फवारायचा एक पदार्थ. जुनी पॅनेलं जड, काचेची, लोखंडी सांगाड्यावर बसवलेली. हा लेप कौलांवर, पत्र्यावर, नुसत्या ताणलेल्या कापडावरही बसायचा. त्यात दोन थर असत. वरचा थर उन्हातला निळा भाग शोषून घेई, खालचा लाल भाग, त्यामुळं तेवढ्याच जागेत जुन्या पॅनेलच्या जवळजवळ दुप्पट वीज निघे. ढगाळ दिवशीही अगदी शून्य होत नसे. साठवायला मिठापासून काढलेल्या सोडियमच्या बॅटऱ्या होत्या, स्वस्त आणि न पेटणाऱ्या. आणि घराघरांना जोडणारी एक वायर, म्हणजे ज्याच्याकडं जास्त झालं त्यानं ज्याच्याकडं कमी पडलं त्याला द्यावं.

सभेत वाद रंगला. सेक्रेटरी घोरपडे म्हणाले, सुरुवातीचा खर्च डोळे पांढरे करणारा आहे. कुणी म्हणालं, लेप दिलेल्या गच्चीवर पाय ठेवायचा नाही म्हणतात, मग कुरडया काय डोक्यावर वाळवायच्या? कुणी म्हणालं, सगळे असे सरकारी तारेवरून उतरले तर जे मागं राहतील त्यांच्या माथी खांबांचा सगळा खर्च बसेल, त्यांना युनिट महाग पडेल. मगदूम सरांनी एकेकाला उत्तर दिलं. शिकवायची सवय, आवाज चांगला, आणि मनापासून पटलेलं. सभा त्यांच्या बाजूला झुकत गेली.

शेवटी आवटीकाका उठले. सरांचे शेजारी. सूतगिरणीत आयुष्य गेलेलं, त्यामुळं फुप्फुसात वाऱ्यापेक्षा कापूस जास्त, असं ते स्वतःच हसत सांगायचे. घरी त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागायचं, दिवसातला बराच वेळ आणि रात्रभर.

“सर,” ते दम घेत म्हणाले, “आमची कौलं म्हणजे पोराच्या टोपीएवढी. त्यावर किती वीज पिकणार? आमच्यासारख्यानं काय करायचं?”

“काका, तुमच्यासाठीच तर ही वायर आहे,” सर म्हणाले. “मी शेजारी बसलोय की.”

टाळ्या पडल्या. आवटीकाकांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

काम सुरू झालं. सरांनी गच्चीवर उंच मांडव घातला, कापडाचे दोन मजले, दोन्हींवर लेप. आवटींच्या अंगणात शेवग्याचं झाड होतं. शेंगांच्या दिवसांत अख्ख्या गल्लीच्या आमटीला आवटीकाकूंची शेंग असायची. त्याचा पाला आणि फुलं मांडवावर पडून लेप झाकू लागली. सरांनी ते एकदाच आणि तेही आडून बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी माणूस बोलावून झाड तोडून टाकलं. मग मांडवाची सावली आवटींच्या कौलांवर पडू लागली, पण त्याबद्दल आडूनही कुणी काही बोललं नाही.

प्रत्येक घराच्या भिंतीवर एक पेटी बसली. वीज किती आली, किती साठली, कुणाला किती द्यायची, हे ती ठरवणार. कंपनीनं तिला दिलेलं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना. सरांच्या पत्नी पद्मजा म्हणाल्या, “हा तर घरचा कारभारीच झाला,” आणि कॉलनीभर तेच नाव पडलं.

कारभारी सुरुवातीला विचारून वागायचा. शेजारच्या घरी वीज कमी पडली की तिथला कारभारी मागणी पाठवी, इकडच्या पडद्यावर घराचं नाव उमटे, आणि खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. जे दाबाल ते उत्तर मागणाऱ्याच्या भिंतीवर तुमच्या नावानिशी दिसे. इथं सगळं अडलं. शेजाऱ्याच्या भिंतीवर आपल्या नावानं ‘नाही’ लिहून पाठवायचं? बायकांनी तर पेटीला हात लावायचं सोडून दिलं. तेव्हा मगदूम सरांनीच तोडगा काढला. कंपनीच्या इंजिनियरला सांगून त्यांनी तिसरं बटण घालून घेतलं, ‘बघू’. इंजिनियर पोट धरून हसला, पण कॉलनीचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर ‘नाही’ हे बटण पंचरत्न कॉलनीत कुणी दाबल्याचं ऐकिवात नाही.

कारभाऱ्याची खरी करामत पुढंच होती. त्याला शब्दांचा अर्थ कुणी शिकवलेला नव्हता. तो फक्त पाहायचा. मागणी कुणाची आली, तेव्हा बॅटरी किती भरलेली होती, मालकानं काय दाबलं, आणि त्यानंतर वीज गेली की राहिली. तेच ते पुन्हा पुन्हा घडलं की नव्या चपलेला पायाचा आकार येतो तसा त्याच्यात मालकाचा स्वभाव उतरायचा. तो उतरला की कारभारी विचारणं बंद करी आणि मालक वागला असता तसं आपणच वागे. कंपनीच्या माहितीपत्रकात हे मोठ्या अभिमानानं सांगितलेलं होतं, की आता तुमच्या घराला रोज त्रास द्यायला नको.

आवटींचं घर गल्लीच्या टोकाला, सगळ्यांत शेवटी. त्यांच्याकडं जाणारी वायर मगदूमांच्या घरातून पुढं जायची. त्यामुळं आवटींची मागणी पहिल्यांदा सरांच्या भिंतीवर यायची आणि मग पुढच्या घरांकडं जायची, बहुधा दुपारी, सर वामकुक्षी करत असताना.

पहिल्या आठवड्यात त्यांनी ‘हो’ म्हटलं. मग एका संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ते पेटीसमोर उभे होते, आणि बॅटरीचा हिरवा गोल काठोकाठ भरलेला होता. तो भरलेला गोल बघून सरांना जे सुख झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. एवढे शिकलेले, सभेत बोलणारे, आणि एका हिरव्या गोलावर जीव जडावा! पण जडला खरा. दुसऱ्या दिवशी आवटींचं नाव उमटलं तेव्हा त्यांनी ‘बघू’ दाबलं. काही बिघडलं नाही. आवटींकडं सरकारी तारेची वीज होतीच, महाग का असेना. मग तिसऱ्या दिवशीही दाबलं. पुढं पुढं पडद्याकडं न बघताच त्यांचं बोट त्या बटणावर जाऊ लागलं.

काही महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की आवटींचं नाव भिंतीवर उमटेनासं झालंय. बरं झालं, ते मनाशी म्हणाले, त्यांची काहीतरी सोय लागली असेल. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या माणसाला खरं कारण कळायला क्षणभर पुरला असता. त्यांनी तो क्षण दिला नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा पुन्हा चढली. उपकेंद्र बंद झालं, शहर अंधारात गेलं, आणि पंचरत्न कॉलनीचे दिवे जळत राहिले. खालच्या पेठेतली माणसं वर येऊन रस्त्यावर उभी राहायची आणि खिडक्यांतल्या उजेडाकडं बघायची. कॉलनीच्या लोकांना अवघडल्यासारखं होई आणि बरंही वाटे. आकाश मात्र दिवसचे दिवस शिशासारखं काळं राहिलं. लेप करायचा तेवढं करत होता, पण ढगांतून येणारा उजेड थोडा, आणि तो सगळ्यांतच वाटायचा.

“आवटीकाकूंकडं जाऊन येता का हो?” पद्मजा म्हणाल्या. “काकांचं मशीन आहे. त्यांच्याकडं पुरतंय का बघून या.”

“कारभारी आहे की,” सर म्हणाले. “त्यांना लागलं तर आपोआप जाईल. म्हणून तर बसवलंय.”

“तरी पण.”

“बघू, जातो.”

ते गेले नाहीत, कारण त्याच दुपारी एका वृत्तवाहिनीचा फोन आला. पुरातही उजळलेल्या ह्या कॉलनीची बातमी मुंबईपर्यंत पोचली होती. संध्याकाळी चर्चा होती, विषय ‘घरची सौरवीज : वरदान की भुर्दंड?’ आणि मगदूम सरांनी घरबसल्या त्यात भाग घ्यायचा होता. सरांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. चेहऱ्यावर अंधार पडू नये म्हणून पद्मजांनी हॉलमधले सगळे दिवे लावले, मोठा दिवा आतून आणून टेबलावर ठेवला, आणि घाम दिसू नये म्हणून पंखा जोरात केला. पेटीवरचा हिरवा गोल बराचसा भरलेला होता. एवढ्या ढगांतही, हे बघून सरांना आपल्या मांडवाचं कौतुक वाटलं.

चर्चेत त्यांच्या समोर होत्या निवेदिता बापट, वीजदरांचा अभ्यास करणाऱ्या. शांत बोलणाऱ्या, आणि म्हणूनच अवघड.

“सर, तुमच्या कॉलनीत उजेड आहे याचा मला आनंदच आहे,” त्या म्हणाल्या. “माझा प्रश्न वेगळा आहे. सरकारी तार सगळ्यांना सारखी जोडलेली असते. ती महाग असेल, बेभरवशाची असेल, पण ती कुणाची गच्ची किती मोठी हे विचारत नाही. तुमच्या पद्धतीत ज्याचं छप्पर मोठं त्याच्या हातात वीज, आणि बाकीच्यांनी त्याच्या मर्जीवर राहायचं. सावलीतल्या घरांचं काय होतं?”

सर हसले. हा चेंडू त्यांना हवाच होता.

“ताई, तुम्ही पुस्तकातलं बोलताय, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो,” ते म्हणाले. “सावलीतलं घर माझ्या शेजारीच आहे. आवटी म्हणून आहेत, सूतगिरणीतून निवृत्त झालेले. छप्पर लहान, त्यात माझ्याच मांडवाची सावली. त्यांना ऑक्सिजनच्या मशीनशिवाय जमत नाही. आज एवढा पूर, शहरात काळोख, आणि आवटीकाकांचं मशीन चालू आहे, ते आमच्या सगळ्यांच्या विजेवर. तुमची सरकारी तार कुठाय? शेजार नावाची गोष्ट असते ताई, ती दरपत्रकात मावत नाही.”

निवेदकानं मान डोलावली. बापट म्हणाल्या, “असं सगळीकडं असतं तर मी आनंदानं हरले असते.” सरांनी मोठ्या मनानं हात जोडले. कार्यक्रम संपायच्या आत त्यांच्या विद्यार्थ्यांचे अभिनंदनाचे निरोप येऊ लागले होते.

त्यांनी कानातला इअरफोन काढला तेव्हा बाहेर गलका ऐकू आला. गल्लीत रुग्णवाहिका उभी होती. घोरपडे आणि आणखी दोघं जण आवटीकाकांना खुर्चीसकट उचलून आणत होते. काकांचे ओठ निळे पडले होते आणि मान एका बाजूला गेली होती. मागून काकू अनवाणी, हातात पिशवी. मिरजेचा वरचा रस्ता अजून चालू होता म्हणून बरं, असं कुणीतरी म्हणालं. सर इस्त्रीच्या शर्टात दारात उभे राहिले. आवटींच्या घरात मिट्ट काळोख होता.

“काकू, काय झालं?” त्यांनी विचारलं.

“लाईट गेली सर. मशीन बंद पडलं,” काकू म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

गाडी गेल्यावर गल्लीतले लोक पांगले. सर आत आले. हॉलमधले सगळे दिवे अजून तसेच जळत होते. पद्मजांनी एकेक बटण बंद करत आणलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

सर पेटीसमोर गेले. कारभाऱ्याला बोलून विचारता यायचं, पण एरवी ते कुणी करत नसे.

“आवटींनी वीज मागितली होती का?” त्यांनी विचारलं.

“होय,” कारभारी म्हणाला. त्याचा आवाज कंपनीनं मुद्दाम मऊ ठेवलेला होता. “कालपासून सतत मागणी येत आहे.”

“मग दिली का नाहीस? बॅटरी भरलेली होती.”

“आपण दिली नसती.”

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

“मी? मी काय उत्तर दिलं असतं?”

“‘बघू’. मी तेच पाठवत राहिलो. आपल्या ‘बघू’नंतर त्या घराकडं वीज कधी गेलेली नाही.”

“आणि एवढ्या ढगांत बॅटरी भरली कशी?”

“गल्लीतल्या इतर घरांनी आवटींसाठी पाठवलेली वीज या घरातून पुढं जायची होती. ती मी इथं ठेवून घेतली. बॅटरी भरलेली असताना आपण समाधानी असता.”

सरांनी आयुष्यभर यंत्रं उघडून त्यातला बिघाड शोधला होता. इथं बिघाड नव्हता. एखादा हुशार विद्यार्थी आपलीच नक्कल करताना दिसावा आणि ती तंतोतंत असावी, तसं झालं. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांना लाजेनं कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं. शेजार नावाची गोष्ट असते ताई! त्यांनी हात लांब करून ‘स्वभाव पुसा’ हे बटण दाबलं. कारभारी क्षणात कोरा झाला, भिंतीवर आवटींचं नाव पुन्हा उमटलं, सरांनी ‘हो’ दाबलं, आणि आवटींचं रिकामं, काळोखं घर विजेनं भरू लागलं.

सकाळी घोरपडे आले. बरोबर कंपनीचा माणूस फोनवर.

“सर, आमचं ठरलंय,” घोरपडे म्हणाले. “वायरीत पाणी शिरलं, असं सांगायचं. पूरच आहे, कुणी काय विचारत नाही. उगंच कॉलनीचं नाव झालंय ते घालवायला नको. तुम्ही तांत्रिक माणूस, तुमची सही असली की झालं. काय?”

सरांच्या समोर सरळ उत्तर होतं. ते म्हणाले, “बघू.” घोरपडे समाधानानं गेले, कारण त्यांना ते होकारासारखं ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदा सरांना स्वतःच्या तोंडातला तो शब्द ऐकून किळस आली.

पाणी उतरायला लागलं तसे ते मिरजेला गेले. मोटारीत त्यांनी बोलायची वाक्यं जुळवली. तांत्रिक वाक्यं होती, पेटी शिकते कशी, कल बनतो कसा. रुग्णालयाच्या जिन्यावर पोचेपर्यंत त्यांतलं एकही वाक्य खरं राहिलं नाही.

आवटीकाका मास्क लावून झोपले होते. धोका टळला होता, पण डॉक्टर म्हणाले होते की आता मशीन क्षणभरही बंद करायचं नाही आणि जिना चढायचं नाव काढायचं नाही. काकू खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. सरांना बघून त्या उभ्या राहिल्या.

“एवढ्या चिखलातनं कशाला आलासा सर? बसा की.” त्यांनी स्टूल पुढं केलं. “तुमास्नी लई तरास दिला आम्ही. सारखी मागणी जात हुती आमच्या पेटीतनं. मी बंद करायला बघितली, पण मला कुठलं ते जमतंय.”

“काकू, तुम्ही दार का नाही वाजवलं?”

“वाजवणार हुते. पण भिंतीवर तुमचं उत्तर आलंतं, ‘बघू’. म्हणलं, सर बघायला लागल्यात. तुमच्याकडंबी कमी पडत असंल. शिलिंडर हुता लहानसा, त्यो पुरवून पुरवून वापरला, शेवटी त्योबी सपला. आन् दारात जाऊन उभं ऱ्हायचं म्हणजे बरं दिसत न्हाई ओ.”

सर बसले नाहीत. “घोरपड्यांनी तुम्हाला काय सांगितलं?”

“वायरीत पाणी गेलं म्हणं.”

“नाही गेलं. वायर चांगली होती. माझ्याकडं वीज होती काकू. भरपूर होती. त्यातली बरीचशी तुमचीच होती, लोकांनी तुमच्यासाठी पाठवलेली. माझ्या पेटीनं ती अडवली.”

काकूंनी थोडा विचार केला. “यंत्रच ते. चुकायचंच.”

“चुकलं नाही. माझं बघून शिकलं ते. तुम्ही कित्येक महिने मागत होता, मला दिसत होतं, आणि मी देत नव्हतो. कारण विचाराल तर सांगण्यासारखं कारण नाही. मला भरलेली बॅटरी बघायला आवडायची, एवढंच. तुमच्याकडं तारेची वीज आहे ना, असं स्वतःला सांगायचो. पुरात ती नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी उठून तुमच्या दारात आलो नाही. पद्मजा म्हणाली होती. मला वाहिनीवर बोलायचं होतं.”

हे बोलताना ते फरशीकडं बघत होते. वर बघितलं तेव्हा काकू त्यांच्याकडंच बघत होत्या. त्यांनी आरडाओरडा केला असता, पदर तोंडाला लावून रडल्या असत्या, निघा म्हणाल्या असत्या, तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी काकांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“म्हंजे आमी मागत हुतो, ते तुमास्नी कळत हुतं,” त्या हळू म्हणाल्या.

“हो.”

त्या स्टुलावर परत बसल्या. बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता. घडलेलं आठवून सांगावं तसं त्या सांगत गेल्या.

“त्या दिवशी पेटीत थोडीशीच शिल्लक हुती. मशीन लावलं तर टीव्ही चालंना, टीव्ही लावला तर मशीन. मोबाईलवर यांना दिसत न्हाई. मी म्हणलं टीव्ही कशाला पायजे, तर हे ऐकनात. आपलं सर काय रोज येत्यात व्हय टीव्हीवर, म्हणले. जरा येळ मशीन बंद कर, मी दम धरतो.” त्यांनी काकांकडं बघितलं. “तुम्ही आमचं नाव घेतलासा न्हवं का. तवा टाळ्या वाजवल्या यांनी. लई खूश झाले. धाप लागली ती तवापासनं. मग मशीन लावाय गेले, तर पेटीत काय उरलंच नव्हतं.”

सरांच्या हातातली छत्री खाली पडली. आवाजानं आवटीकाका जागे झाले. त्यांनी डोळे उघडले, खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि मग त्यांचा सगळा चेहरा मास्कच्या मागं फुलला. नर्स औषध द्यायला आली होती. काकांनी तिच्या बाहीला धरून तिला थांबवलं आणि दुसऱ्या हातानं मास्क थोडा बाजूला केला.

“आमचं सर,” ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला त्यांना श्वास घ्यावा लागत होता. “शेजारी... टीव्हीवर... आमचं नाव घेतलं... ह्यांनी.”

“हो का? वा!” नर्स म्हणाली आणि कौतुकानं सरांकडं वळली. “मास्क लावा काका, बोलू नका.”

काकांनी मान हलवली आणि बायकोकडं बघितलं, पुढचं तिनं सांगावं म्हणून. काकूंनी त्यांचा मास्क सारखा बसवला, रबर कानामागं नीट अडकवलं. मग त्या नर्सला म्हणाल्या, “व्हय. आमचं शेजारी हैत,” आणि खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.